फायरप्लेसमागची वायर

बातमी आली ती इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. वर हळदीकुंकवाचं पोस्टर, खाली कोणाचा तरी विकायला काढलेला सोफा, आणि मधे दोन ओळी : ‘सॅड न्यूज. प्रसादची मिसेस काल दुपारी गेली. डिटेल्स नंतर.’ मी लंडनजवळच्या वॉटफर्डच्या आमच्या किचनमध्ये उभी होते, पहिला चहा हातात होता, लॅपटॉप अजून उघडायचा होता. ग्रुपमध्ये तीन प्रसाद आहेत, त्यामुळे कोणता हे आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कप खाली ठेवला आणि तशीच उभी राहिले. या ‘मिसेस’ला नाव होतं. वंदना. ग्रुपमधल्या निम्म्या घरांतले फ्यूज बॉक्स तिने स्वतःच्या हातांनी उघडले होते, आणि ती गेल्याच्या बातमीत तिचं नाव लिहावं असं कोणाला सुचलं नाही. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्या रांगेत मीही माझे हात लावले आणि ऑफिसच्या कॉलला जाऊन बसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी इतरांबद्दल बरंच कडू लिहिणार आहे, आणि त्या इतरांत मी कुठे होते ते वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

वंदना मूळची इचलकरंजीची. तिच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. यंत्रमागांच्या जळलेल्या मोटारी तिथे यायच्या, आणि शाळेतून आली की ही तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसायची. सरकारी तंत्रनिकेतनातून तिने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, पॅनेल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी केली, मग लग्न, आणि मग प्रसादच्या आयटीच्या नोकरीपाठोपाठ डिपेन्डन्ट व्हिसावर इंग्लंड. आमची ओळख झाली तेव्हा आम्ही दोघी एकाच रस्त्यावर भाड्याने राहत होतो. माझ्या फ्लॅटची वीज दर दोन दिवसांनी जायची आणि लँडलॉर्डचा माणूस येऊन बटण वर करून जायचा. एकदा ती साखर मागायला आली असताना असंच झालं. तिने विचारलं, “वीज जाते तेव्हा तू काय करत असतेस?” मी म्हटलं, “काही नाही गं, चहा.” ती विजेच्या किटलीपाशी गेली, किटली उचलून खालचा भाग नाकाला लावला आणि म्हणाली, “फ्लॅटला काही झालेलं नाही. ही टाकून दे.” साखर न घेताच गेली. वीज पुन्हा गेली नाही.

चार वर्षं तिने सुपरमार्केटच्या टिलवर, बिलं करण्यात काढली. तिचा डिप्लोमा इथे कोणाला वाचता येत नव्हता. मग एक दिवस तिने कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन. वर्गात बाकी सगळी वीस-बावीसची मुलं, आणि ही अडतीसची. एवढी वर्षं जे येत होतं तेच पुन्हा पहिल्यापासून शिकली, इथल्या रंगांच्या वायरी, इथले नियम, इथली फॉर्म भरायची पद्धत... पास झाली, दोन वर्षं एका कंपनीत हाताखाली राबली, आणि मग स्वतःची पांढरी व्हॅन घेतली. दारावर फक्त ‘वंदना, इलेक्ट्रिशियन’ आणि फोन नंबर.

आमच्या लोकांना ते झेपलं नाही. आम्ही सगळे कन्सल्टंट, अ‍ॅनालिस्ट, व्हाइस प्रेसिडेंट. त्यात ही व्हॅन चालवत येणार, गुडघ्यांना पॅड बांधणार. मंडळातल्या आशाताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “प्रसादच्या नोकरीचं काही बिनसलंय का गं?” पुरुष तिला ‘वायरवुमन’ म्हणायचे, तिच्यासमोर, हसत. प्रसादही नवीन माणसाला सांगताना ‘ती इलेक्ट्रिकल फील्डमध्ये आहे’ एवढंच म्हणायचा. पण काम अडलं की सगळ्यांना तीच आठवायची. “वंदना, पाच मिनिटांचंच आहे, येऊन जा ना, जेवायलाच थांब.” ती यायची. काम झालं की आम्ही तिला पोळी वाढायचो आणि दुसऱ्या पाहुण्यांना सांगायचो, ही आमची वंदना, मोदक काय सुंदर करते! तिच्या हातांवरच्या कापल्याच्या खुणांकडे कोणी पाहायचं नाही. मीसुद्धा मैत्रीण म्हणवत होते, पण तिची ओळख करून देताना मी कधी ‘इलेक्ट्रिशियन’ हा शब्द वापरला का, हे गेले काही आठवडे आठवून पाहते आहे. एकदाही नाही.

आम्ही घर घेतलं त्याच्या लाउंजमध्ये जुनी फायरप्लेस होती. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, हौसेने तिच्या पोकळीत काचेच्या दाराचा लोखंडी स्टोव्ह बसवून घेतला. लाकडं छान पेटायची, पण ऊब पुढच्या सोफ्यापुरतीच. मग त्याने ऑनलाइन एक ब्लोअर मागवला. स्टोव्हच्या लोखंडी खोक्यामागे पंखा बसतो आणि तिथली गरम हवा खोलीत ढकलतो. एका शनिवारी वंदनाला बोलावलं. ती आली, डब्यातला पंखा उलटा करून त्यावरची पट्टी वाचली आणि म्हणाली, “हा अमेरिकेचा आहे. एकशेवीस व्होल्टचा. इथल्या दोनशेतीसवर जळेल.”

“ट्रान्सफॉर्मर लावू ना मधे,” मिलिंद म्हणाला.

“लावाल, आणि पंखा फिरेलही. पण याची वायर साधी आहे, ती मागे तापलेल्या पत्र्याला टेकणार. तिचं आवरण वितळलं की आत उघडं तांबं. पत्र्याला अर्थिंग नसलं तर अख्खा स्टोव्ह करंट धरून बसेल, आणि तुम्ही लाकूड टाकायला दाराला हात लावाल.” ती अशीच बोलायची, आवाज न चढवता, बसचं वेळापत्रक सांगावं तशी. तिचं म्हणणं होतं की हा पंखा परत पाठवा, याच स्टोव्हसाठी बनवलेला इथला घ्या, वायर उष्णता सोसणारी हवी, स्टोव्हच्या पत्र्याला पक्कं अर्थिंग हवं, आणि स्टोव्हपासून लांब भिंतीत वेगळा स्विच, त्यात तीन अँपियरचा फ्यूज. त्यासाठी, वायर आतून न्यायला, भिंत खोदून झिरी मारावी लागेल.

भिंत नुकतीच रंगवली होती. दोन आठवड्यांवर आमच्याकडे दिवाळीचा फराळ होता, चाळीस माणसं. मिलिंदने विचारलं, “झिरी न मारता नाही का होणार?” ती म्हणाली, “होणार नाही. दिवाळी झाल्यावर करू. तोवर पंखा नको.” ती गेल्यावर तो म्हणाला, “एवढ्याशा पंख्याला एवढं रामायण! काम वाढवून सांगायची सवय झालीये हिला.” मी कप उचलायला लागले. पुढच्या आठवड्यात किरकोळ कामं करणारा एक हँडीमन आला. त्याने तोच पंखा मागे बसवला, ट्रान्सफॉर्मर लाकडांच्या टोपलीमागे दडवला, आणि एक्स्टेन्शनची वायर गालिच्याखालून नेऊन टीव्हीच्या सॉकेटमध्ये लावली. तासाभरात झालं. मला माहीत होतं. वंदनाला सांगितलं नाही, एवढंच.

फराळाच्या दिवशी स्टोव्ह पेटलेला, पंखा घुमतोय, मिलिंद प्रत्येकाला समोर उभं करून ऊब दाखवतोय. मुलं गालिच्यावर लोळत होती. वंदना कामावरून थेट आली, आमच्या बाथरूममध्ये साडी नेसली आणि लाउंजच्या दारात येऊन थांबली. मी तिला चकली दिली, तिने ती हातातच धरली. नाक किंचित वर. मग ती फायरप्लेसजवळ गेली, वाकली, तळहात गालिच्यावर ठेवला, टोपलीमागे पाहिलं, आणि बाहेर गेली. जिन्याखालच्या कपाटाचं दार वाजलं आणि अख्खं घर अंधारात गेलं. गाणी बंद. तेवढा काचेमागचा जाळ. अंधारातून तिचा आवाज आला, “मुलांना फायरप्लेसपासून बाजूला घ्या. कोणी त्याला हात लावू नका.” चाळीस माणसं फोनच्या उजेडात एकमेकांकडे पाहत राहिली. ती परत आली, टीव्हीमागचा प्लग उपसला, पर्समधून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, प्लगच्या पोटातला फ्यूज उचकटला आणि पर्समध्ये टाकला. मग जाऊन मेन स्विच लावला.

लाइट आले तेव्हा मिलिंद तिच्यासमोर उभा होता. हसत होता, पण ते हसू मला माहीत होतं. “वंदना, तू आज पाहुणी म्हणून आली आहेस. काम शोधायला नाही.”

कोणीतरी हसलं. वंदनाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की ती बरोबर आहे, तिने आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, “जाऊ दे ना वंदना... दिवाळी आहे आज.” तिने चकली तशीच टेबलावर ठेवली, बुटांच्या ढिगातून आपले शोधले आणि गेली. प्रसाद थांबला. जेवून गेला.

दुसऱ्या दिवशी मिलिंद ऑफिसला गेल्यावर मी गालिचा उचलला. खाली लाकडी जमिनीवर तळहाताएवढा तपकिरी डाग होता आणि वायर त्याला चिकटली होती, ओढल्यावर सुटली. टॉर्च घेऊन स्टोव्हच्या मागे पाहिलं. पंख्याची वायर पत्र्याला टेकली होती, आवरण मेणासारखं ओघळलं होतं आणि आतलं तांबं दिसत होतं. ती त्या शनिवारी जे जे म्हणाली होती ते सगळं, तिच्याच क्रमाने. आदल्या रात्री तिथे सहा मुलं होती. त्यातली दोन माझी.

संध्याकाळी मिलिंदला दाखवलं. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला, मग म्हणाला, “बंद आहे ना आता? झालं तर मग.” मी गालिचा परत पसरला. त्याच सुमारास ग्रुपवर चर्चा रंगली होती. ‘काल वंदनाला काय झालं?’ ‘जरा जास्तच ड्रामा.’ ‘बिझनेस स्लो असेल,’ त्यापुढे हसरे चेहरे. मी काय केलं? मी फराळाच्या ताटाचा फोटो टाकला. ‘सगळे आलात, खूप छान वाटलं!’ मिलिंद सोडला तर चाळीस जणांपैकी ज्या एकीला खरं माहीत होतं तिने ताटाचा फोटो टाकला.

नंतर आमच्या लोकांनी तिला बोलावणं हळूहळू बंद केलं. कोणी ठरवून नाही, आपोआप. ती मंडळात यायची थांबली. गणपतीला प्रसाद एकटाच यायचा आणि ‘तिला काम आहे’ म्हणायचा, जे खरंही होतं. इंग्रज म्हाताऱ्याकोताऱ्यांत ती फार लोकप्रिय होती, हे मला पुढे कळलं.

वर्षभर तो स्टोव्ह आम्ही पंख्याविना जाळला. पुढच्या ऑक्टोबरात मी तिच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरला. फोन करायचा धीर नव्हता. मिलिंद दोन दिवस बाहेरगावी असणार ते पाहून तारीख टाकली. ती आली, टूलबॉक्स खाली ठेवला आणि म्हणाली, “फॉर्म कशाला भरलास मेधा? माझा नंबर नाही का तुझ्याकडे?” तेवढंच. बाकी दिवसभर काम. या वेळी पंखा तिने सांगितलेला होता. आधी तिने मेन बंद केलं, मग टेस्टर दुसऱ्या एका बॅटरीच्या डबीवर लावून तो चालतोय ना ते पाहिलं, मग वायरींवर, मग पुन्हा डबीवर. मी विचारलं, “दोनदा कशाला?” म्हणाली, “टेस्टर मधेच मेला असेल तर? तोही ‘वीज नाही’ असंच दाखवणार. गप्प बसलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही.” हे माझ्यासाठी होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही. तिच्या चेहऱ्यावर तरी काही नव्हतं.

तिने भिंतीत झिरी मारली, वायर नेली, स्विच बसवला. पंख्यामागची वायर पत्र्यापासून लांब, क्लिपांनी बांधून घेतली. अर्थिंग मोजलं, आकडा लिहिला, पुन्हा मोजलं. स्विच लावला तरी पत्रा तापल्यावरच पंखा सुरू होईल आणि गार झाल्यावर आपोआप थांबेल असं छोटं थर्मोस्टॅट लावलं. मी चहा केला. ती जमिनीवर बसून प्यायली, पाठ सोफ्याला टेकून, आणि मधेच दोन बोटांनी कपाळ दाबत होती. मी म्हटलं, “डोकं दुखतंय?” “धूळ,” ती म्हणाली. मग मी धीर केला. “वंदना, त्या दिवशी मी...”

“हात काढ तिथून,” ती म्हणाली. “प्लास्टर ओलं आहे.”

जाताना सर्टिफिकेट दिलं, सही कुठे करायची ते दाखवलं. दारात बूट घालताना, खाली बघतच म्हणाली, “मिलिंदचं मला काही वाटलं नाही गं. तो मला ओळखतच नव्हता.” लेस बांधली आणि व्हॅनकडे गेली. मी तिला थांबवायला हवं होतं. व्हॅन वळेपर्यंत मी दारातच उभी होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. आता निवांत भेटू, दिवाळी झाली की भेटू, नाताळच्या सुट्टीत तरी... फेब्रुवारीत ती गेली. मेंदूत रक्तस्राव. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या किचनमध्ये काम करत असताना.

क्रिमेटोरियमला आम्ही मंडळाचे पंधरा जण असू. बाकी पन्नासेक लोक आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. कामाचे बूट घातलेले दोन-तीन इलेक्ट्रिशियन, चाकाच्या खुर्चीतल्या एक बाई, जुळी मुलं घेऊन आलेली एक तरुण आई. आमचे लोक एका बाजूला उभे राहून पार्किंगबद्दल बोलत होते. ज्यांच्या घरी ती कोसळली ते गृहस्थ माझ्याजवळ आले. तुम्ही तिच्या बहीण का, असं त्यांनी विचारलं. मी मैत्रीण म्हटलं. ते सांगत होते, ती डोकं धरून जमिनीवर बसली, त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला आणि शेजारी बसून तिचा हात धरला. किचनचा लाइट गेलेला, म्हणून ते स्विचकडे जायला उठू लागले, तर तिने त्यांची बाही पकडली. “नको. मी बंद ठेवलंय. कोणी येऊन वायरिंग पाहीपर्यंत लावू नका.” त्यानंतर ती काही बोलली नाही. “शेवटपर्यंत माझीच काळजी करत होती,” ते म्हणाले, आणि रडले. माझ्याआधी ते रडले.

त्यानंतरच्या रविवारी मंडळाने कम्युनिटी हॉलमध्ये शोकसभा घेतली. अध्यक्षांनी मला आधीच सांगितलं, “तुम्ही जवळच्या, दोन शब्द बोला. पण पॉझिटिव्ह ठेवूया. कामाबिमाचं फार नको, प्रसादला बरं वाटणार नाही.” सगळे बोलले. वंदनाचा हसरा स्वभाव, वंदनाचे मोदक, वंदनाची रांगोळी. तिने रांगोळी कधी काढलेली मला आठवत नाही. मिलिंदने फोटोला हार घातला. माझी पाळी आली तेव्हा समोर ते सगळे बसले होते, त्या दिवाळीचे. मी मोदकांबद्दल बोलले. पाच मिनिटं बोलले, आणि लोकांनी डोळे पुसले.

घरी आल्यावर मात्र सहन होईना. त्या आठवड्यात मी ग्रुपवर सगळं लिहिलं. गालिच्याखालचा डाग, उघडं तांबं, आणि मी ते लपवलं हेही. एकाने जोडलेले हात टाकले, दुसऱ्याने ‘गेलेल्या माणसाबद्दल आता काय...’, जणू मी तिची बदनामी केली होती. फोन मात्र एकट्या आशाताईंनी केला. त्यांची नात त्या गालिच्यावर होती. “मेधा, तू आम्हाला तेव्हाच का नाही सांगितलंस?” मिलिंद चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, “प्रसादला फोन केला होता मी. त्याने उचलला नाही.” त्यापुढे आम्ही दोघांनी विषय काढलेला नाही.

गेल्या आठवड्यात गाडीच्या चार्जरसाठी एक इलेक्ट्रिशियन आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. घरातलं वायरिंग तपासता तपासता तो लाउंजमध्ये आला, ब्लोअरच्या स्विचचं झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि गुडघ्यावर बसला. बराच वेळ बसला. मग म्हणाला, “हे कोणी केलंय? असं काम आता फारसं पाहायला मिळत नाही.” मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीने. ती इलेक्ट्रिशियन आहे. चुकून ‘आहे’ म्हटलं, आणि मग दुरुस्त करवेना. “आमच्याकडे माणसं कमी आहेत,” तो म्हणाला, “नंबर मिळेल का तिचा?” मी सांगितलं, ती आता काम करत नाही. “अरेरे,” तो म्हणाला, आणि झाकण परत बसवलं. स्क्रू घट्ट झाल्यावरही त्याने स्क्रूड्रायव्हर काढला नाही. अगदी थोडासा वळवून दोन्ही स्क्रूंच्या खाचा बरोबर उभ्या केल्या, एकमेकींना समांतर. मी विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, “कशासाठी नाही. तिने तशा ठेवल्या होत्या.”

ऑक्टोबरपासून मी रोज त्या स्विचला हात लावत होते. त्या खाचा मला दिसल्या नव्हत्या.